बागेचं टपाल: मिरची, बियांपासून

उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते, देठं खुडताना वर्तमानपत्रावर बियांचा सडा पडतो, आणि तो केरात टाकायला कुणाचा हात धजत नाही. या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं मिरचीचीच आली आहेत ती बहुतेक त्यामुळेच. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

चटणीसाठी आणलेल्या ब्याडगीच्या बिया कुंडीत टाकल्या. पंधरा दिवस झाले, एकही उगवली नाही. काय चुकलं?
– एक वाचक, सांगली

तुमचं फारसं काही चुकलेलं नाही. मिरची कशी वाळवली आणि किती दिवस पडून होती, यावर सगळं अवलंबून. अंगणात उन्हात वाळलेल्या मिरचीचं बी उगवतं. गरम हवेच्या यंत्रात झटपट वाळवलेल्या मिरचीच्या बियांचा भरवसा नाही. त्यातून मिरचीच्या बियांचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं, आणि पोत्यातला माल कोणत्या साली निघाला हे व्यापारी सांगत बसत नाही.

फिक्या पिवळ्या, चपट्या, बोटाला टणक लागणाऱ्या बिया ठेवा. तपकिरी आणि पोचट टाकून द्या. मग त्यातल्या वीस बिया ओल्या टिश्यूच्या घडीत, झाकणाच्या डब्यात घालून उबदार जागी ठेवा. मिरचीच्या बियांना २५ ते ३० अंश ऊब लागते, मग आठ-दहा दिवसांत मोड दिसतात. पारा १५ च्या खाली गेला की बी नुसतं पडून राहतं आणि शेवटी कुजतं. विसातल्या दहाही फुटल्या नाहीत तर नवं बियाणं आणलेलं बरं. ‘पाण्यावर तरंगलं ते बी वाईट’ ही युक्ती मात्र मिरचीला लावू नका, कोरडं बी चांगलं असलं तरी तरंगतं.

आता थोडं न विचारलेलं. ब्याडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या नावाने विकली जाणारी प्रत्येक मिरची ब्याडगी नसते. भाजीवाल्याकडची हिरवी मिरची तर बहुतेक हायब्रिड. तिचं बी कोवळं असतं, आणि तीच पिकवून बी काढलं तरी पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. घरी बी धरायचं असेल तर सरळ वाण घ्या, म्हणजे ज्याच्या बियांतून तशीच झाडं येतात असा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा ज्वाला आहे, राहुरी विद्यापीठाची घोसाने लागणारी फुले ज्योती आहे, दापोलीची कोकण कीर्ती आहे.

माझं माहेर गडहिंग्लजचं, संकेश्वरी मिरचीच्या पट्ट्यातलं. तिथे बियाण्यासाठी मिरची निवडत नाहीत, झाड निवडतात. तोडणी सुरू होण्याआधीच पाटीभर मिरच्या लागलेलं, पान न मुरडलेलं एखादं झाड हेरून त्याला चिंधी बांधायची आणि त्याच्या मिरच्या झाडावरच लाल होऊ द्यायच्या. बाजारातून आणलेल्या मिरचीचं झाड आपण पाहिलेलंच नसतं, खरी अडचण ती.

रोपं छान वर आली आणि दोन दिवसांत एकेक करून आडवी पडली. मुळं कुणी खाल्ली असतील का?
– एक वाचक, ठाणे

मुळं कुणी खाल्लेली नाहीत. पडलेलं रोप उचलून मातीलगतचा भाग बघा. तिथे देठ पाणी उतरल्यासारखा दिसेल आणि दोऱ्याएवढा बारीक झालेला असेल. ही मर. मातीतली बुरशी करते, आणि तिला आमंत्रण आपणच देतो: दाट पेरणी, वरून प्लॅस्टिक झाकलेलं आणि ‘उगवलं का बघू’ म्हणत दिवसातून तीनदा पाणी. पडलेली रोपं वाचत नाहीत. ती आजूबाजूच्या मातीसकट काढा, बाकीच्यांचं पाणी थांबवा, वारा लागू द्या.

पुढच्या वेळी बागेतली माती वापरूच नका. धुतलेलं कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं घ्या, त्यात थोडी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) भुकटी मिसळा. खाचांचा ट्रे असेल तर एका खाचेत एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल. पाणी खालच्या ताटलीत ओता, वरचा थर ओलसर दिसला की उरलेलं काढून टाका. मोड वर आला की झाकण गेलं पाहिजे, आणि ट्रे उजेडात. कधी कधी बियांचं टरफल टोपीसारखं पानांवर अडकून बसतं. ते ओढू नका, पाण्याचा एक थेंब ठेवा, संध्याकाळपर्यंत मऊ होऊन सुटतं. खऱ्या पानांच्या (उगवताना आलेली पहिली दोन पानं सोडून) दोन-तीन जोड्या आल्या की दहा-बारा इंची कुंडीत हलवा. साधारण पाच-सहा आठवड्यांचं रोप होतं ते.

सिमला मिरचीशेजारी लवंगी लावली तर सिमला तिखट होते का?
– एक वाचक, पुणे

या वर्षी नाही. परागकण कुठूनही आले तरी फळ आईच्याच जातीचं धरतं. मात्र त्या फळातलं बी पेरलंत तर पुढच्या वर्षी सिमल्याच्या भाजीत कुणाचं तरी तोंड भाजेल. बी धरायचं असेल तर कळ्या असलेल्या फांदीवर जुन्या मलमलीची पिशवी बांधा आणि रोज सकाळी फांदीला टिचकी मारा. आत फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा. त्याच मिरच्या बियाण्याच्या.

पानं आखडली आहेत. आंबट ताक, हिंग, राख, सगळं फवारून झालं. बोकड्या जाता जात नाही.
– एक वाचक, नाशिक

ताक आता कढीला ठेवा. ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ म्हणतो त्यात तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि कोणतं ते कळल्याशिवाय फवारून उपयोग नाही.

पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. एक फूल पांढऱ्या कागदावर झटका, सुईच्या टोकाएवढ्या पिवळसर रेघा चालताना दिसतील. कडा खाली वळून पान अरुंद, लांबट देठाचं आणि मागून चकचकीत झालं असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारा बारीक माइट), आणि तो भिंगाशिवाय दिसत नाही. शेंड्याची पानं बारीक, गुच्छासारखी, झाड खुजं राहिलेलं असेल तर विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला.

फुलकिड्यांना लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी. संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूने, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. निळे चिकट सापळेही टांगा. पांढऱ्या माशीला सापळे पिवळे. कोळी हा कीटकच नव्हे, म्हणून साध्या कीटकनाशकाने तो मरत नाही, उलट त्याला खाणारे किडे मरतात आणि तो वाढतो. त्याच्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. कडक उन्हात नको, आणि तेल मारल्यावर दोन आठवडे तर मुळीच नको, पानं करपतात. विषाणूला औषध नाही. ते झाड आजच उपटा, शेजारच्या टोमॅटोची दया करून तरी.

इथे ज्वाला लावायची आहे. येताना बी आणलं तर चालेल का? पेरायचं कधी?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

कागदपत्रांशिवाय बॅगेतून बी नेऊ नका. लावणीसाठीच्या बियाण्याला तिथे प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर ते काढून घेतात. ज्वालाचं बी तिकडेही विकत मिळतं. मार्चच्या मध्यावर घरात पेरा, खाली उबेची चटई आणि वर दिवा ठेवून. नुसत्या खिडकीच्या उजेडात रोपं लांबट, लुळी होतात. हिमकण पडायचे थांबून रात्री १२-१३ अंशांच्या वर टिकल्या की, म्हणजे मेच्या उत्तरार्धात, बाहेर लावा. त्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून सवय करा. भूत जोलोकिया ही ईशान्येकडची जहाल मिरची लावायचा विचार असेल तर आणखी महिनाभर आधी पेरा. तिचं बी उगवायलाच तीन-चार आठवडे घेतं.

डब्यातली काळी मिरी पेरली तर वेल येईल का?
– एक वाचक, सावंतवाडी

येणार नाही. ती कच्ची तोडून वाळवलेली असते, पुष्कळदा गरम पाण्यातून काढलेली. वेलावर पिकून लाल झालेला दाणा साल काढून ताजा पेरला तर उगवतो, पण त्या वेलाला मिरी लागायला बरीच वर्षं जातात. तुमच्याकडे कुणाच्या तरी पोफळीवर मिरवेल असेलच. बुंध्याशी जमिनीवर सरपटणाऱ्या फांदीचे दोन-तीन पेरांचे तुकडे मागून घ्या. जागा कमी असेल तर घोस लागणाऱ्या आडव्या फांदीचा तुकडा लावा. त्याचा वेल होत नाही, झुडूप होतं आणि ते कुंडीत मावतं. रुजायला मात्र तो फार रडवतो, म्हणून पाच-सहा तुकडे तरी लावा.