अशोकाचं मंदिर की गुप्तांचं? आणि त्यात आपलं कोल्हापूर कुठं?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही कसबा बावड्याचे, दिवाळीनंतर घरची सगळी मिळून बोधगयेला जायचा प्लॅन आहे. वडील म्हणतात ते महाबोधी मंदिर सम्राट अशोकानं बांधलं, माझ्या पोरीच्या मोबाईलवर तर गुप्त काळातलं असं येतंय. खरं काय? झाड तरी तेच आहे का? आणि या सगळ्याशी आपल्या कोल्हापूरचा काय संबंध लागतो का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, तुमचे वडीलही बरोबर आणि पोरगीही बरोबर, घरात वाद नको. अशोक तिथं गेला होता हे तर त्यानंच दगडावर कोरून ठेवलंय, आठव्या शिलालेखात तो म्हणतो की राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर मी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो, आणि शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. याच शिलालेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, नालासोपाऱ्याला, १८८२ साली सापडलाय. पण अशोकाच्या वेळी आजचं हे उंच शिखर नव्हतं बरं का. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या प्राचीन स्तूपावरच्या शिल्पात बोधिवृक्षाभोवती खांबांचा उघडा मंडप दिसतो, मधनं झाड वर आलंय, साधारण तसं काहीतरी आधी असणार. आज दिसतं ते विटांचं, सुमारे ५५ मीटर उंचीचं मंदिर पाचव्या-सहाव्या शतकातलं धरतात, आणि सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्सांग आला तेव्हा ते उभं होतं. पुढं ब्रह्मदेशच्या लोकांनी वेळोवेळी दुरुस्त्या केल्या, मग बरीच शतकं पडझड, आणि १८८० नंतर इंग्रजांच्या काळातल्या पुरातत्त्व खात्याच्या कनिंगहॅम आणि बेगलर यांनी मोठं काम काढलं. तिथंच सापडलेलं मंदिराचं एक छोटं दगडी मॉडेल समोर ठेवून बरीच दुरुस्ती केली. म्हणून कुणा एकाचं नाव घेणंच अवघड आहे.

झाडाचं म्हणाल तर तेच झाड नाही, पण परंपरा तीच. जुनं झाड १८७६ ला वादळात पडलं आणि आजचं १८८१ मध्ये लावलेलं. अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं मूळ झाडाची फांदी श्रीलंकेत नेली, ते अनुराधपूरचं झाड आजही उभं आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. बोधगयेला दगडी कठडा आहे, त्याच्या खांबांवर ब्राह्मीत परत परत एकच ओळ येते, 'अयाये कुरंगिये दानं', म्हणजे कुरंगी नावाच्या राजघराण्यातल्या बाईंचं दान. आणि आपल्या कोल्हापूर शहरात १८७७ साली खोदकामात एक स्तूप सापडला, त्यात चौकोनी दगडी पेटी, पेटीत स्फटिकाचा करंडक, आणि त्या पेटीच्या झाकणावर ओळ आहे 'बम्हस दानं धमगुतेन कारितं', बम्हानं दिलं, धमगुतानं करून घेतलं. कुठं गंगेच्या मुलखातली राणी आणि कुठं पंचगंगेकाठचा बम्ह, पण दोघांनी कोरायला लावलं ते एकाच पद्धतीनं. हा बम्ह कोण, श्रीमंत व्यापारी की आणि कोण, ओळ काही सांगत नाही, तरी दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावात कुणीतरी श्रद्धेनं पैसा खर्च केला होता एवढं पक्कं. मला तर वाटतं अशी तीर्थं राजांपेक्षा अशा देणाऱ्यांनीच टिकवली. पोहाळ्याची बौद्ध लेणीही जोतिबाला जाताना जवळच आहेत, बोधगयेच्या आधी पोरांना तिथं नक्की न्या.

बोधगयेत गेल्यावर लोक आतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्तीचं दर्शन घेतात आणि लगेच फोटोला बाहेर पडतात, असं करू नका. मंदिर पूर्वाभिमुख आहे, मागच्या बाजूला, पश्चिमेला झाडाखाली वज्रासन आहे, म्हणजे बुद्धांना ज्ञानप्राप्ती झाली ती बसायची जागा, गुळगुळीत केलेली वालुकाश्माची फळी, मौर्य काळातली. सगळं त्या जागेसाठी आहे, मंदिर नंतरचं. उत्तरेला दगडी कमळांची रांग दिसेल, बुद्ध ज्ञानप्राप्तीनंतर तिथं चालले अशी श्रद्धा आहे. आणि हे आत्तापर्यंत टिकलं त्यात श्रीलंकेचे बौद्ध कार्यकर्ते अनागारिक धर्मपाल यांचा मोठा वाटा, १८९१ ला ते आले आणि मंदिराची अवस्था बघून महाबोधी सोसायटी काढली. मंदिराच्या कारभारासाठी १९४९ चा कायदा झाला तेव्हापासून व्यवस्थापन समितीत बौद्ध आणि हिंदू सदस्य निम्मे निम्मे, ताबा पूर्ण बौद्धांकडे द्या ही मागणी अजून चालूच आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मंदिर २००२ मध्ये आलं.

जायला कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदा असते, गयेला उतरायचं आणि पुढं रिक्षा. मोबाईल आत नेता येत नाही, बाहेर काउंटरवर जमा करावा लागतो. आणि मूळ कठड्याचे बरेच खांब तिथल्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहेत, ते शुक्रवारी बंद असतं, त्या हिशोबानं दिवस धरा.