आउटलुकमधली सिग्नेचर परत परत उडते? इन्स्टॉल नंतर करा, आधी फोल्डर बघा

तुमचा प्रश्न असा: आउटलुकमध्ये सिग्नेचर (मेलच्या शेवटी आपोआप येणारा नाव-पत्त्याचा मजकूर) तयार केली की त्या दिवशी नीट येते, पण एक-दोन दिवसांनी प्रोग्राम उघडला की यादीतूनच नाहीशी झालेली असते. तेच मेल खातं तुम्ही लॅपटॉपवरही वापरता. मायक्रोसॉफ्ट ऑफिस रिपेअर करून झालं, फरक पडला नाही, म्हणून आता सगळं काढून पुन्हा टाकावं का, असं विचारलंय.

नका टाकू. सिग्नेचर प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये राहतच नाही, त्यामुळे प्रोग्राम शंभर वेळा नवा टाकला तरी तिच्या येण्याजाण्यावर बहुधा काही परिणाम होत नाही. ऑफिसातले संगणक सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि या तक्रारीत लोकांचा सगळ्यात जास्त वेळ तीच सिग्नेचर पुन्हा पुन्हा बनवण्यात जातो. ती कोण पुसतंय हे कळल्याशिवाय नवी बनवू नका. जुनी हवी असेल तर सेंट आयटम्समधलं एखादं मेल उघडा, तिथून ती जशीच्या तशी कॉपी करून वर्डच्या फाइलमध्ये ठेवा. एवढं झालं की निवांतपणे शोध घेता येतो.

आता मुख्य काम. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल, तिच्यात टक्क्याचं चिन्ह, मग ॲपडेटा, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर मारा. उघडलेल्या फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट आणि त्याच्या आत सिग्नेचर्स असे फोल्डर सापडतील. क्लासिक आउटलुक, म्हणजे ऑफिससोबत येणारा जुना डेस्कटॉप प्रोग्राम, सगळ्या सिग्नेचरी इथेच ठेवतो. एका सिग्नेचरच्या तीन फाइली असतात: एचटीएम, आरटीएफ आणि टीएक्सटी. लोगो किंवा फोटो असेल तर त्याचं वेगळं छोटं फोल्डर शेजारीच असतं.

आता एक चाचणी करा. साधी दोन ओळींची सिग्नेचर बनवून सेव्ह करा आणि या फोल्डरमध्ये तिच्या फाइलींसमोरची 'डेट मॉडिफाइड'ची वेळ कागदावर लिहून ठेवा. आउटलुक पूर्ण बंद करून उघडा, वेळ बघा. मग संगणक रीस्टार्ट करा, पुन्हा बघा. मग लॅपटॉपवर आउटलुक उघडा आणि परत येऊन बघा. कुठल्या पायरीनंतर फाइल गेली किंवा तिची वेळ बदलली, हे कळलं की अर्ध्याहून जास्त काम झालं.

फाइलींच्या नावापुढे कंसात तुमचा ईमेल पत्ता दिसत असेल, तर तुमच्याकडे क्लाउड सिग्नेचर चालू आहे. तुमच्या वर्णनावरून, विशेषतः लॅपटॉपचा उल्लेख वाचून, मला हाच प्रकार सर्वाधिक संभवतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्गणीवर चालणाऱ्या आउटलुकमध्ये सिग्नेचर आता तुमच्या मेलबॉक्समध्ये, म्हणजे सर्व्हरवर ठेवली जाते आणि तिथून प्रत्येक संगणकावर उतरते. खरी प्रत सर्व्हरवरची, तुमच्या डिस्कवरची फक्त नक्कल. त्यामुळे फोल्डरमध्ये थेट जाऊन केलेला बदल पुढच्या सिंकला, म्हणजे सर्व्हरशी जुळवणी होताना, पुसला जाऊ शकतो, आणि लॅपटॉपवर किंवा ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये काही काढलं तर ते इथूनही जातं. एकदाच विकत घेतलेल्या २०१६ किंवा २०१९ च्या आवृत्तीत हा प्रकार नसतो, तिथे डिस्कवरची फाइल हीच खरी.

यावर सरळ उपाय असा की सिग्नेचर डेस्कटॉपवर बनवूच नये. ब्राउझरमध्ये आउटलुक उघडा, सेटिंग्जच्या शोधपेटीत 'सिग्नेचर' टाका आणि तिथे बनवा. ती आपोआप सगळीकडे उतरेल. माझं मत विचाराल तर दोन संगणक वापरणाऱ्याने हाच मार्ग धरावा.

क्लाउडची भानगडच नको असेल तर ती रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोज आपल्या अंतर्गत सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथून, बंद करता येते. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १६.०, आउटलुक, सेटअप या क्रमाने आत जा. तिथे ३२ बिटांचं नवं डीवर्ड (आकडा ठेवणारी नोंद) बनवा, नाव डिसेबल-रोमिंग-सिग्नेचर्स (इंग्रजीत तिन्ही शब्द जोडून, मधल्या रेघा सोडून), किंमत १. हात लावण्याआधी त्या सेटअप फोल्डरवर उजवं क्लिक करून एक्सपोर्ट जरूर घ्या. संगणक कंपनीचा असेल तर हे स्वतः करू नका, आयटी विभागाला सांगा. आणि हे फक्त क्लासिक आउटलुकला लागू होतं. नवं आउटलुक या डिस्कवरच्या फोल्डरकडे बघतच नाही.

रीस्टार्टनंतर सिग्नेचर्सचं फोल्डरच रिकामं दिसलं, तर डेस्कटॉपवरच्या इतर फाइली जागेवर आहेत का ते बघा. त्याही नसतील तर विंडोज तुम्हाला तुमच्या नेहमीच्या प्रोफाइलऐवजी (तुमच्या फाइली आणि सेटिंग्ज असलेली जागा) तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घेतंय. सी ड्राइव्हवर युजर्सच्या आत 'टेम्प' नावाचं फोल्डर असेल तर खात्रीच समजा. हा दोष आउटलुकचा नाही, विंडोजचं प्रोफाइल बिघडलंय, आणि हे लवकर दुरुस्त करून घ्या, कारण साइन आउट केल्यावर तिथलं सगळंच जातं. फक्त सिग्नेचर गेली, बाकी सगळं शाबूत आहे, असं असेल तर साफसफाई करणारा एखादा प्रोग्राम किंवा कंपनीच्या लॉगिनला आपोआप चालणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) तपासा. कित्येक कंपन्या ठरावीक सिग्नेचर वरून लादतात. तसं असेल तर सिग्नेचरच्या खिडकीतल्या डीफॉल्ट निवडण्याच्या चौकटी करड्या दिसतात, बदलता येत नाहीत. तिथे तुम्ही कितीही डोकं लावलंत तरी उपयोग नाही, परवानगी आयटीकडेच मागावी लागेल.

आता समजा फाइली जागच्या जागी आहेत, यादीतही नाव दिसतंय, पण मेलमध्ये सिग्नेचर येत नाही. मग ती उडालेली नाहीच, फक्त लागत नाहीये. फाइल, ऑप्शन्स, मेल, सिग्नेचर्स असं जा. उजवीकडे खातं निवडायची चौकट आहे आणि तिच्याखाली 'न्यू मेसेजेस' आणि 'रिप्लाइज/फॉरवर्ड्स' अशा दोन. ही निवड प्रत्येक खात्यासाठी वेगळी असते. उत्तरांसाठीची चौकट बहुतेक जण 'नन'वरच सोडून देतात आणि मग सिग्नेचर कधी येते, कधी येत नाही असं वाटत राहतं. मेल लिहिताना 'फ्रॉम' बदललात तरी सिग्नेचर त्या दुसऱ्या खात्याची होते. त्या खात्याला काहीच नेमलेलं नसेल तर डोळ्यांदेखत जाते. फाइलवर उजवं क्लिक करून 'सेंड टू'मधून मेल काढलं तर सिग्नेचर लागतच नाही, ती इन्सर्टमधून हाताने घ्यावी लागते.

फक्त लोगो जातो आणि मजकूर राहतो, असं असेल तर समोरच्याचं मेल साध्या मजकुरात आलेलं असतं. आउटलुक उत्तरही त्याच प्रकारात देतं आणि साध्या मजकुरात चित्राला जागा नसते.

तुमच्याच ऑफिसात कुणी आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरत असेल तर तिथलं दुखणं वेगळं. त्यात सिग्नेचर बाहेरच्या फाइलमधून जोडायची सोय आहे. ती फाइल हलवली की सिग्नेचर गेली. शिवाय उत्तर देताना सिग्नेचर जुन्या मजकुराच्या वर की सगळ्यात खाली, हे खात्याच्या सेटिंगवर ठरतं. खाली असेल तर लांबलचक पत्रव्यवहारात ती आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

वेळा लिहून ठेवायची चाचणी आज करा. कुठल्या पायरीला वेळ बदलली आणि फाइलींच्या नावापुढे ईमेल पत्ता आहे की नाही, एवढं इथे लिहा. त्यावरून नेमकं काय करायचं ते सांगतो.