भोपळ्याचं पाणी आटवा, मग ब्राउनीकडे वळा

लाल भोपळ्याच्या ब्राउनीबद्दल आलेल्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून येते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात.

प्रश्न : भोपळा घातला की ब्राउनी ओलसर होते म्हणतात. माझी ओलसर झाली, पण स्पंजसारखी. फजी का नाही झाली?

ओलसर आणि फजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फजी ब्राउनी दाताला पेढ्यासारखी लागते आणि तो दाटपणा लोणी, चॉकलेट आणि साखर यांच्यामुळे येतो. भोपळ्यात मात्र जवळजवळ नऊ दशांश पाणीच. ते पाणी मैद्याला मिळालं, ओव्हनमध्ये त्याची वाफ झाली, की तयार होतो केक.

घारगे करताना भोपळ्याचा कीस गुळात परतून आटवतो ना, तेच इथे करायचं. भोपळा वाफवताना पाण्यात बुडवू नका, चाळणीत ठेवा. मग मिक्सरमधून काढून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परता. उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसत राहिला, की झालं. साल-बिया काढलेल्या अर्ध्या किलोचा साधारण पाव किलो गर उरतो. तो पूर्ण गार होऊ द्या.

आठ इंची चौकोनी टिनसाठी माझं माप : डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, लोणी १००, साखर १५०, अंडी २, आटवलेला गर १२०, मैदा ७०, कोको २५, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही. चॉकलेट-लोणी वितळवून कोमट होऊ द्या. साखर आणि अंडी चांगली फेटून त्यात ते घाला, मग गर. मैदा-कोको शेवटी, आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. जास्त घोटलं तर ब्राउनी चिवट होते. ओव्हन १८० अंश, वेळ २५ ते ३० मिनिटं.

प्रश्न : आमच्याकडे अंडं चालत नाही.

गर १८० ग्रॅम, मैदा ९० आणि पाव चमचा बेकिंग पावडर घ्या. चव छान येते. वरचा चकचकीत पापुद्रा मात्र येणार नाही, तो फेटलेल्या अंडी-साखरेचाच असतो. ही ब्राउनी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय कापू नका.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ घातला तर?

सगळा नको. गूळ स्वतःच दमट असतो, म्हणजे आटवलेलं पाणी मागच्या दाराने परत आत. फार तर एक तृतीयांश साखरेच्या जागी बारीक चिरलेला गूळ घाला, सोबत जायफळ. वेलची मी कोकोबरोबर घालत नाही. ज्याची त्याची आवड.

प्रश्न : ओव्हन नाही, कुकरमध्ये होईल?

होईल. पण कुकर कोरडा तापवत राहणं मला पटत नाही. त्यापेक्षा जुनं जाड पातेलं घ्या, तळाशी मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं आधी तापवा. मग मंद आचेवर ४० मिनिटांच्या आसपास. झाकणाला फडकं बांधा (टोकं वर घेऊन, गॅसपासून लांब), नाहीतर वाफेचे थेंब ब्राउनीवर पडतील.

प्रश्न : अमेरिकेत डब्यातला भोपळा मिळतो, तो वापरू का?

जरूर, पण डब्यावर ‘पम्पकिन प्युरे’ आहे ना ते बघा. ‘पाय फिलिंग’मध्ये साखर-मसाले आधीच असतात. प्युरेसुद्धा पाच मिनिटं परतून घ्या.

प्रश्न : सुरी कोरडी निघेपर्यंत भाजली, तर ब्राउनी कडक झाली.

केकची कसोटी इथे लावली, म्हणून. काडीला ओले कण चिकटायला हवेत, पातळ पीठ नको. कडा घट्ट झाल्या आणि मध्य किंचित हलतोय, तेव्हाच बाहेर काढा. टिनच्या उष्णतेवर ती पुढे शिजत राहते. गरम असताना कापली तर कच्चीच वाटेल आणि तुम्ही ती परत ओव्हनमध्ये ढकलाल. निदान दोन तास हात लावू नका.