वनौषधींची गावातली माहिती बी.एस्सी.च्या वर्गात कशी आणावी?

तुम्ही विचारलंय, बेळगावजवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला शिकवताना जाणत्यांची झाडपाल्याची माहिती वर्गात आणावी का, आणि आणली तर ते विज्ञान राहील का. मी याच सीमाभागात वनस्पतिशास्त्र शिकवतो. जरूर आणा. फक्त 'अमुक झाड तमुक दुखण्यावर' एवढी यादी करून थांबू नका. कुठल्या झाडाची साल, कधी काढलेली, कशी दिलेली, यातच सगळं आहे.

खानापूर तालुक्यातल्या एका आज्जीनं मला हे शिकवलं. आवेवर देतात म्हणून आमच्या मुलांनी कुड्याची साल काढून आणली होती. ती हातात घेऊन आज्जीनं विचारलं, "शेंगा बघितलासा काय रे?" कुणीच बघितल्या नव्हत्या. मग तीच आम्हाला झाडाखाली घेऊन गेली. शेंगा जोडीनं लोंबत होत्या आणि दोन्हींची टोकं एकमेकींना चिकटलेली. "हा काळा कुडा. आवेला पांढरा लागतोय. त्याची टोकं सुटी असतात, बी कडूजार." आम्ही ज्याला राइटिया (काळा) आणि होलॅरेना (पांढरा) या शास्त्रीय नावांनी स्लाइडवर दाखवतो, तो फरक तिच्याकडे शेंगेच्या टोकात होता. बाजारातल्या सालीत या दोघांची सरमिसळ होते, ती अशी सहज होत असणार.

तिथूनच प्रात्यक्षिक सुरू करा. दोन्ही साली आणि बाजारातली एक, असे तीन नमुने घ्या. ड्रॅगेनडॉर्फच्या चाचणीत नारिंगी अवक्षेप आला म्हणजे काम झालं असं मुलांना वाटतं. पण ती चाचणी अल्कलॉइड, म्हणजे झाडातलं नत्रयुक्त द्रव्य, आहे एवढंच सांगते, झाड सांगत नाही. म्हणून टीएलसीच्या (अर्कातली द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या) पट्टीवर कोनेसिनचा, म्हणजे पांढऱ्या कुड्यातल्या अल्कलॉइडचा, प्रमाणित नमुना शेजारी चालवा. वहीत नाव तिन्ही भाषांत लिहायला लावा: कुडा, कन्नडमधलं कोडसिगे, आणि शास्त्रीय नाव.

कृतीचे शब्दही जसेच्या तसे टिपून घ्या. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना 2015 साली नोबेल मिळालं, त्यामागं चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या ग्रंथातली एक ओळ होती: वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळायचं कुठं लिहिलेलंच नव्हतं. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध हाती लागलं. आपल्याकडे "थंड पाण्यात रातभर" असं कुणी म्हटलं तर तो शब्द गाळू नका.

आणि सगळंच बरोबर असतं असंही शिकवू नका. सापाच्या विषावर म्हणून देतात त्या ईश्वरीच्या वेलीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंडं निकामी करतं, कर्करोगही घडवतं. ते औषध सांगणाऱ्यांनाही हे आदरानं, तोंडावर सांगायला हवं. वर्गात कुणालाही काहीही चाखू देऊ नका.

एका गोष्टीची मला फार चीड येते. माहिती आज्जीची, आणि प्रोजेक्टवर नावं फक्त आमची. आधी तिला विचारा, तिची हरकत नसेल तर नाव घाला, आणि निकाल गावात जाऊन तिला मराठीत सांगा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावागावांत लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पंचायतीत जाऊन तीही बघा. भीमगड अभयारण्यातलं मात्र पानही तोडू नका, रस्त्याकडेला कुडा भरपूर आहे. पहिली फेरी हिवाळ्यात काढा, तेव्हा शेंगा झाडावर असतात.