आधी तिची वही तिला परत द्या

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. लेक अकरावी सायन्सला, दहावीला ८१ टक्के, लहान मुलांच्या गोष्टी लिहिते. बालसाहित्यिक व्हायचं तर कुठला कोर्स लावू, आणि एके ठिकाणी चाळीस हजारात पुस्तक छापून 'सर्वात लहान लेखिका' असं सर्टिफिकेट देतात ते घेऊ का, असे दोन प्रश्न आहेत. सोबत तिच्या वहीचे फोटो आणि तीच गोष्ट वडिलांनी 'जरा नीट करून' टाइप केलेली. आणि अगदी खाली, जाता जाता, "दिवाळीपासून काही लिहीत नाही, लिही म्हटलं की चिडते."

नमस्कार. मला काळजी वाटली ती या शेवटच्या ओळीची, मार्कांचं आणि कोर्सचं नंतर बघू.

मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या. तिच्या गोष्टीत तिसरीतल्या पोराचा दात पडतो, आजी म्हणते कौलावर टाक, पण हे राहतात स्लॅबच्या बिल्डिंगमध्ये, मग तो दात कंपासपेटीत घालून गावभर कौलं शोधत फिरतो आणि शेवटी भर परीक्षेत शाळेच्या पत्र्यावर फेकतो, टण्ण आवाज होतो, आख्खा वर्ग वर बघतो. संपली गोष्ट. किती छान आहे हो ही! तो पोरगा विचारतो, "आये, ह्यो दात कुठं टाकू? आपल्याला कौलंच न्हाईत." तुम्ही त्याचं केलंत, "आई, मी हा दात कुठे टाकू?" कौलं गेली, म्हणजे त्याची अडचणच गेली. आणि टण्णच्या पुढे तुम्ही दात दोन वेळा घासण्यावर आख्खा परिच्छेद जोडलात. तुमचा हेतू चांगलाच आहे याबद्दल मला शंका नाही, पण माझी गोष्ट कुणी अशी केली असती तर मीही लिहायचं सोडलं असतं.

तात्पर्याशिवाय मुलांची गोष्ट पूर्ण होत नाही हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे, शाळांच्या कथाकथन स्पर्धांनी तो अजून पक्का केलाय. पण मुलं तात्पर्य सुरू झालं की ऐकणं थांबवतात, कुठल्याही बालवाडीत जाऊन बघा. मुलाला गोष्टीतून काही मिळत नाही असं मी म्हणत नाहीये, या गोष्टीत आजीचं म्हणणं आहे, बदललेलं घर आहे, एकट्याने अडचण सोडवणं आहे, पण ते त्या पोराच्या फिरण्यात आहे, ते बाहेर काढून शेवटी सांगितलं की वाचणाऱ्याला स्वतःला करायला काही उरत नाही.

आता तिच्यासाठी, हे तिला वाचायला द्या. तुझी गोष्ट शेजारच्या दुसरी-तिसरीतल्या पोरांना मोठ्याने वाचून दाखव. आवडली का असं विचारू नकोस, ती हो म्हणतात. कुठे चुळबुळ करतात, कुठे "मग?" म्हणतात ते बघ, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच गोष्ट सांगायला लाव, जे ते गाळतील ते बहुतेक वेळा तुलाही गाळता येईल. तुझ्या गोष्टीत मधे बाजारपेठेचं लांबलचक वर्णन आहे, ते चित्रकारावर सोपव. वय ठरव, नुकतंच वाचायला लागलेल्या मुलाला जोडाक्षरं अडतात, दहा वर्षांच्याला चालतात. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, ते वाच. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेली चित्रपुस्तकं मिळतील, एखादं हिंदीतून मराठीत करून बघ, कमी शब्दांत बोलीतलं वाक्य बसवायला किती घाम निघतो ते कळेल. आणि माधुरी पुरंदरेंची पुस्तकं जरूर बघ, लिहितात त्याच, चित्रंही त्याच काढतात, शब्दांनी किती सांगायचं आणि चित्रावर किती सोडायचं हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

कोर्सचं म्हणाल तर बारावीनंतर बीए मराठी, मास मीडिया, फाइन आर्ट, काहीही चालेल, सायन्स आवडत असेल तर तेही चालेल. फक्त बालसाहित्यावर घर चालवणारे मराठीत फार थोडे आहेत, बहुतेक जण शिक्षक, संपादक, चित्रकार असतात आणि सोबत लिहितात, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा, घाबरवायला म्हणून नाही, तयारीला म्हणून.

ते चाळीस हजार मात्र अजिबात भरू नका. लेखकाकडूनच पैसे घेणारा गोष्ट चांगली आहे का हे बघतच नाही, त्याने कुणाला नकार दिल्याचं तुम्ही ऐकलंय का? संपादकाचा नकार तिला अजून मिळायचाय आणि तो मिळायला हवा, कारण काय जमलं नाही हे कधीकधी त्यातूनच कळतं. पुढची गोष्ट ती स्वतः पाठवेल, तिच्या मेलवरून, तुम्ही न वाचता. दाखवली तर वाचा, आणि पेन खिशातच ठेवा.