'स्वरतंतू'मधला तंतू कुठनं आला?

प्रश्न आहे की स्वरतंतू नक्की किती असतात, आणि तार छेडल्यावर झणझणते तसेच ते झणझणून आवाज निघतो का. गोंधळ होतो तो या शब्दामुळेच. घशात तार, दोरा असलं काही नसतं. स्वरयंत्रात दोन घड्या असतात, आत स्नायू, वरून मऊ ओलं अस्तर, पुढे एकमेकींना जोडलेल्या आणि मागच्या बाजूला उघडमीट करणाऱ्या, लांबी फार तर एक ते अडीच सेंटिमीटर.

'तंतू' ही कल्पना फेरँ नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाची. १७४१ मध्ये त्याने या घड्यांना वाद्याच्या तारा म्हटलं आणि हवेला त्या तारांवर फिरणारा गज, मग इंग्रजीत कॉर्ड आणि आपल्याकडे तंतू, तंत्री, रज्जू असंच चालत आलं.

खरं काय होतं तर, बोलायच्या आधी घड्या जवळ येतात, खालून फुफ्फुसातली हवा दाबत राहते, दाब पुरेसा झाला की त्या फाकतात, हवेचा एक झोत सुटतो आणि लगेच स्वतःच्या लवचिकपणाने आणि वेगाने जाणाऱ्या हवेमुळे दाब कमी झाल्याने त्या परत मिटतात, हे पुरुषांत सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा आणि बायकांत दोनशेच्या आसपास! मेंदू काही प्रत्येक वेळी 'उघड, मिट' सांगत बसत नाही, तो फक्त घड्या जवळ आणतो आणि त्यांचा ताण ठरवतो, बाकी काम हवेचं. लहान बाळ ओठ मिटून फुर्रर्र करतं ना, जवळपास तेच. म्हणून मला विचाराल तर 'स्वरपट' म्हणावं, निदान पट म्हटल्यावर उघडणं-मिटणं डोळ्यासमोर येतं.

आपल्या जुन्या ध्वनिविचारात तार नव्हतीच, हे मला फार आवडतं. तैत्तिरीय प्रातिशाख्य या वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथात सरळ म्हटलंय, 'संवृते कण्ठे नादः क्रियते, विवृते श्वासः', म्हणजे कंठ मिटलेला असेल तर नाद, उघडा असेल तर नुसता श्वास. व्याकरणातले घोष-अघोष म्हणजे हेच. गळ्यावर बोटं ठेवून 'स्सस्स' म्हणा, काही जाणवणार नाही, मग 'जहाज'मधला ज लांबवा, बोटांना थरथर लागेल. कुजबुजताना ही थरथर अजिबात नसते, त्यामुळे कानात कुणी 'गार' म्हटलं की 'कार', काय कळत नाही.

आणि ह? त्याबद्दल तिथेच पुढे आहे 'मध्ये हकारः', ना पूर्ण मिटलेला ना पूर्ण उघडा. मराठीला तर हा ह इतका जवळचा की म, न, ल, व, र कशातही मिसळतो. मामा म्हणा आणि लगेच म्हातारा म्हणा, दुसऱ्या वेळी घड्या थरथरत असतानाच जास्तीची हवा निसटताना ऐकू येईल.