फिट ‘येते’ आणि शॉक ‘बसतो’

एका आईचा प्रश्न आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला फिट येतात आणि शाळेत वर्गशिक्षिकांना मराठीतून तसं पत्र द्यायचं आहे. पत्रात फिट लिहू, झटका लिहू, आकडी, फेफरं, मिरगी की अपस्मार? घरात एक गावठी कुत्री आहे. फिट यायच्या आधी काही मिनिटं ती मुलाच्या पायात घुटमळायला लागते, त्याचा हात चाटते, त्याला उठू देत नाही. ती जे करते त्याला मराठीत काय म्हणायचं? शेजारच्या काकांचं म्हणणं असं, की मुलाच्या अंगात करंट जास्त आहे, कुत्रीला तो जाणवतो आणि म्हणूनच या आजाराला झटका म्हणतात. हे खरं आहे का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोडवायला नामांपेक्षा क्रियापदाकडून सुरुवात करू.

माझ्या आत्याला फिट यायच्या. पोळ्या लाटता लाटता ती मध्येच लाटणं बाजूला ठेवायची, गॅस बंद करायची, भिंतीला पाठ लावून खाली बसायची आणि आईला म्हणायची, “वहिनी, येतेय.” एवढंच. काय येतंय ते ती कधी बोलली नाही आणि आईलाही विचारावं लागलं नाही. आई पोळपाट उचलायची, तिच्या डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवायची आणि तिला एका कुशीवर वळवायची. तेवढ्यात शेजारून कुणीतरी कांदा फोडून आणायचं, कुणी पायातली चप्पल हुंगवायला पुढे करायचं. आई त्यांना दारातूनच परत पाठवायची. कांद्यानं आणि चपलेनं काहीही होत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून श्रेय कांद्याला जातं.

आत्याच्या त्या ‘येतेय’मध्ये मराठीनं या आजाराबद्दल बरंच काही सांगून ठेवलंय. फिट येते, आकडी येते, भोवळ येते, शिंक येते, रडू येतं, ताप येतो. हे सगळं आपल्याच आतून उठतं आणि आपल्या हुकमाशिवाय उठतं. शॉक मात्र बसतो. धक्का बसतो, मार बसतो, ठेच लागते, करंट लागतो. तिथे बाहेरचं काहीतरी आपल्यावर येऊन आदळलेलं असतं. झटका हा शब्द दोन्हीकडे चालतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पण क्रियापद घोटाळा होऊ देत नाही. विजेच्या बोर्डाला हात लागला तर झटका बसतो आणि आजाराचा झटका येतो. ‘त्याला फिट बसली’ असं कुठल्याही मराठी माणसाच्या तोंडून निघणार नाही. काकांच्या तोंडूनही नाही.

आता काकांच्या करंटचं बघू, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. मेंदूचं काम विजेवर चालतं. मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्या विजेच्या बारीक लहरींनी एकमेकींशी बोलतात. जर्मनीत येना इथे हान्स बेर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केलं. आज आपण ‘ईईजी काढला’ म्हणतो तो हाच. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी फिट म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून अचानक होणारा अतिरेकी विसर्ग, म्हणजे साठलेलं एकदम बाहेर पडणं, असं मांडलं होतं.

पण ही वीज किती? डोक्याच्या कातडीवर ती साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट भरते. घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे ५० मायक्रोव्होल्टच्या तीस हजार पट. फिटमध्ये लहरी मोठ्या होतात, तरी त्या पेन्सिल सेलच्या जवळपाससुद्धा जात नाहीत. फिट आलेल्या माणसाला हात लावल्यानं कुणालाही शॉक बसत नाही. थंडीत स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात ती कपड्यांच्या घर्षणाची वीज. ती हजारो व्होल्टची असू शकते, पण तिचा मेंदूशी काही संबंध नाही. ती कुणाच्याही अंगावर साठते. ‘अंगात करंट जास्त’ असलेला माणूस असा वेगळा नसतो. हे मी मुद्दाम जोर देऊन लिहितोय, कारण या एका गैरसमजापायी लोक पडलेल्या मुलाला हात लावायला कचरतात.

बिघाड विजेच्या प्रमाणात नसून तालात आहे. डॉक्टर समजावताना ‘मेंदूत शॉर्टसर्किट होतं’ म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. मधल्या सुट्टीतला वर्ग डोळ्यांसमोर आणा. साठ मुलं साठ गोष्टी बोलतायत, बाहेरून नुसती गलबल ऐकू येते. हा निरोगी मेंदू. आता तीच साठ मुलं एकदम एका सुरात ‘बे एके बे, बे दुणे चार’ ओरडायला लागली तर आवाज भिंती हलवेल, पण कुणाचंच बोलणं कुणाला कळणार नाही. असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात पेटतात आणि त्या भागाचं रोजचं काम थांबतं. तो ताल हातापायांच्या भागात असला तर हातपाय झटकतात. कधी मूल नुसतं काही सेकंद टक लावून बघत राहतं आणि बाईंना वाटतं लक्ष नाही. तीही फिटच, पण तिला झटका म्हटलं तर कुणाला कळणार नाही.

म्हणून पत्रात झटका नको. दुसरं कारण असं, की ‘त्याला मधूनमधून झटका येतो’ याचा मराठीत लहरीपणा असाही अर्थ होतो. ‘झटका आला की घर आवरायला घेते’ हे आपण रोज बोलतो. ‘अटॅक’ लिहिलं तर वाचणारा छातीकडे बघेल.

आकडी हा फार नेमका शब्द आहे. आकड्यासारखं वाकणं, हातपाय आखडून येणं हे त्यात डोळ्यांसमोर उभं राहतं. पण आकडी तापात लहान मुलांनाही येते, सहा महिने ते पाच वर्षं या वयात, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे काही होत नाही. गरोदरपणी रक्तदाब वाढूनही आकडी येते. म्हणजे आकडी हे लक्षण झालं, आजाराचं नाव नव्हे. शिवाय टक लावून बघणाऱ्या फिटला ती लागू पडत नाही.

फेफरं येतं आणि भरतंही, हुडहुडी भरते, कापरं भरतं, धडकी भरते तसं. हा ‘भरणं’ मला आवडतो, कारण अंग आपलं राहिलं नाही, दुसऱ्या कशानं भरलं, ही भावना त्यात आहे. पण आता हा शब्द चेष्टेत गेला आहे. ‘लाईट बिल बघून फेफरं यायची वेळ आली’ असं आपण सर्रास म्हणतो. शाळेच्या पत्रात तो दुखवणारा ठरेल, आणि वर्गातल्या कुणा मुलाच्या कानावर पडला तर तेच टोपणनाव होईल.

मिरगी म्हणजे हिंदीतली मिर्गी. आपट्यांच्या संस्कृत कोशात ‘मृगी’ला हरिणी या अर्थाखाली हा रोगही दिलेला आहे. आजाराला जनावराचं नाव चिकटणं आपल्याकडेच झालं असं नाही. मलय भाषेत याला ‘वेडं डुक्कर’ अशा अर्थाचं नाव होतं, चिनी बोलीत शेळ्यामेंढ्यांचं वेड. कोरियात जुन्या शब्दाला वेडाचा वास होता म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी मिळून २०१० च्या सुमारास नावच बदललं. नवं नाव ‘नोएजनजुंग’, म्हणजे शब्दशः मेंदूतल्या विजेचा विकार. काकांना हे नाव आवडेल.

राहिला अपस्मार. लोकांना हा शब्द जड, पुस्तकी वाटतो, पण तो फार विचारानं घडलेला आहे. सुश्रुतानं उत्तरतंत्रात त्याची फोड दिली आहे: स्मृती म्हणजे घडून गेलेल्याचं ज्ञान, आणि ‘अप’ म्हणजे ते सुटणं. चरकानं त्याला ‘तमःप्रवेश’ म्हटलंय, काळोखात शिरणं. त्यातही ‘आवस्थिक’ तमःप्रवेश, म्हणजे कायमचा नाही, येऊन जाणारा. हातपाय झटकण्याचा या नावात उल्लेखच नाही. आत्या शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारायची, “पोळ्या झाल्या का गं?” मधली दहा मिनिटं तिच्यापुरती घडलेलीच नसायची. बाहेरच्यांना झटके दिसतात, ज्याला फिट येते त्याला स्मृतीतलं भोक दिसतं. सगळ्या शब्दांमध्ये हा एकच शब्द रुग्णाच्या बाजूनं बनलेला आहे. इंग्रजीतल्या एपिलेप्सीच्या मुळाशी ग्रीकमधलं ‘पकडणं’ आहे, कुणीतरी येऊन धरणं. ते आपल्या ‘झपाटणं’च्या जवळचं.

अर्थात अपस्मारानंही भोगलं आहे. नटराजाच्या पायाखालच्या बुटक्याचं नाव अपस्मार आहे. तो अज्ञानाचं रूप म्हणून तिथे आहे, आजारी माणूस म्हणून नव्हे, हे वेगळं सांगावं लागतं. हिंदू विवाह कायद्यातही वेडासोबत अपस्माराचा उल्लेख लग्नाच्या आड येणारी गोष्ट म्हणून होता. तो १९९९ च्या दुरुस्तीनं वगळला. कितीतरी घरांना हे अजून माहीत नाही आणि मुलींचं दुखणं लपवलं जातं. तरीसुद्धा मी आजारासाठी अपस्मारच निवडेन, आणि एकेका वेळेसाठी फिट. एक फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. ताप किंवा साखर उतरणं असं तात्कालिक कारण नसताना पुन्हा पुन्हा फिट येण्याची प्रवृत्ती असली तर अपस्मार. इतका स्पष्ट फरक आपल्या बोलण्यात आधीच पडलेला आहे, तो वापरू या. ‘फिट’ इंग्रजीतून आली हे खरं, पण ती आली, स्त्रीलिंगी झाली, तिनं ‘येणं’ हे क्रियापद घेतलं. ती आता आपलीच.

आता कुत्री. जे येतं त्याची आधी चाहूल लागते. पाहुण्याची लागते, पावसाची लागते, आणि फिटचीही. आत्या म्हणायची, पोटातून काहीतरी वर सरकतं. तुमचा मुलगाही कधीकधी ‘पोटात कसंतरी होतंय’ म्हणतो असं तुम्ही लिहिलंय. वैद्यकात याला ‘ऑरा’ म्हणतात, मूळ अर्थ वाऱ्याची झुळूक. फिटच्या आधी अंगात गार झुळूक चढते असं एका मुलानं सांगितल्याची नोंद प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेननं केली आहे. आयुर्वेदाचा शब्द ‘पूर्वरूप’. चरकानं अपस्माराच्या पूर्वरूपात नसलेले आवाज ऐकू येणंही नोंदवलंय. पण रोजच्या बोलण्यात ‘चाहूल’इतका चांगला शब्द मला दुसरा दिसत नाही.

चाहूल तीन प्रकारे चालते आणि तीनही इथे कामाच्या आहेत. ‘कुत्रीला चाहूल लागते’ म्हणजे तिनं काही ठरवून केलेलं नाही. ‘चाहूल घेते’ म्हणजे ती लक्ष ठेवून आहे, शिकवलेली आहे. ‘चाहूल देते’ म्हणजे ती आपल्याला सांगते. संशोधनातही हाच फरक आहे. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या अमेली काताला आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली पाच शिकवलेल्या कुत्र्यांना अपस्माराच्या रुग्णांचे श्वासाचे आणि घामाचे नमुने हुंगायला दिले. काही फिटच्या वेळचे, काही एरवीचे. तीन कुत्र्यांनी फिटचा नमुना प्रत्येक वेळी ओळखला, दोघांनी तीनपैकी दोन वेळा. फिटला स्वतःचा वास आहे हे त्यातून दिसलं. हे चाहूल घेणं. पुढे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठानं १९ घरगुती, काहीही न शिकवलेल्या कुत्र्यांसमोर असे वास सोडले. तेव्हा सगळ्यांचंच वागणं बदललं, ती मालकाचं लक्ष वेधू लागली. हे चाहूल लागणं. म्हणजे काका, मुद्दा करंटचा नसून वासाचा असावा.

‘अपस्मारसूचक श्वान’ असा शब्द कुणी सुचवेल. श्वान पोलिसांच्या पथकात शोभतो, अंगणात बसलेल्या कुत्रीला कुणी श्वान म्हणत नाही. आणखी एक भेद पाळा: फिट आल्यावर भुंकून माणसं गोळा करणारा कुत्रा वेगळा, त्याला मदतनीस म्हणता येईल. ते शिकवता येतं. आधी कळणं मात्र हमखास शिकवता येतं असं अजून कुणी दाखवलेलं नाही. म्हणून तुमच्या कुत्रीच्या हालचाली वहीत वेळेसह लिहून ठेवा, फिट आली नाही ते दिवसही, आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. तिच्या भरवशावर गोळ्यांची वेळ हलवू नका.

पत्र असं लिहिता येईल:

“माझ्या मुलाला अपस्मार आहे आणि त्यासाठी त्याला रोज औषध चालू आहे. त्याला कधीकधी फिट येते. फिट आली तर त्याला एका कुशीवर वळवावं, डोक्याखाली दप्तर किंवा मऊ कापड ठेवावं, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात पाणी, चमचा, काहीही घालू नये आणि घड्याळ बघावं. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णालयात न्यावं व मला फोन करावा. हात लावल्यानं कुणाला काही होत नाही. ‘बाई, पोटात कसंतरी होतंय’ असं तो म्हणाला तर त्याला ताबडतोब खाली बसू द्यावं. घरी आमच्या कुत्रीला फिटची चाहूल लागते. शाळेत ती नसते, म्हणून आपल्याला कळवत आहे.”